त्याच्या आधी कोण?

आमच्या घराच्या गच्चीवरून तांडा दिसतो. लहानपणी गच्ची नव्हती, तेव्हा मागच्या पडक्या भिंतीवर चढून बघायचो. मधी एक ओढा, बाभळीचं रान अन् तीन-चार जणांची शेतं, एवढंच. चालत निघालं तर पाऊण तास पण लागत नाही. होळीच्या दिवसांत रात्र रात्र डफाचा आवाज यायचा, बायांची गाणी यायची, शब्द कळायचे नाहीत पण चाल डोक्यात बसायची, मग मी दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना तीच चाल गुणगुणायचे अन् आजी म्हणायची, लमाणांची गाणी म्हणू नको गं.

आजी बायबल बाई होती. आताच्या पोरांना हा शब्द माहीत नसेल म्हणून सांगते. मिशनच्या काळात गावोगाव पायी फिरून बायकांना वचन सांगणाऱ्या, अक्षरओळख करून देणाऱ्या, बाळंतिणीपाशी रात्र काढणाऱ्या ज्या बाया होत्या त्यांना बायबल बाई म्हणायचे. जालन्याच्या बाजूला आमच्यासारखी घरं बरीच आहेत. एकोणिसाव्या शतकात नारायण शेषाद्री, ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेले पाळक, निजामाच्या राज्यात आले, जालन्याजवळ बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं, अन् आसपासच्या महारवाड्या-मांगवाड्यांतनं माणसं मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आली. आम्ही त्यातलेच. आजीच्या पिशवीत नवा करार, गीतांचं पुस्तक, आयोडीनची बाटली अन् भाकरीचं फडकं असायचं, एवढ्यावर तिनं चौदा गावं धरली होती. मराठ्यांच्या ओसरीवर बसून तिनं येशूची गोष्ट सांगितलीय, मुसलमान बायांच्या अंगणात बसून सांगितलीय. तांड्यावर मात्र ती वचन घेऊन एकदाही गेली नाही. मी कारण विचारलं तर म्हणाली, त्यांची बोली आपल्याला येत नाही अन् ते आपल्याला आत घेत नाहीत. यातलं पहिलं कारण मला लगेच पटलं. दुसरं कळायला मात्र मी स्वतः जाईपर्यंत थांबावं लागलं.

बी.ए. झाल्यावर दोन वर्षं शाळेत शिकवलं अन् मग घरी सांगितलं की मला सेमिनरीत, म्हणजे पाळक तयार करणाऱ्या कॉलेजात, जायचंय. वडील गप्प बसले. मंडळीतले वडीलधारे मात्र गप्प बसले नाहीत. आमच्याकडं एक बोलणं आहे, पोरं सेमिनरीत अभिषेक, म्हणजे पवित्र आत्म्याची शक्ती, घेऊन जातात अन् नुसती डिग्री घेऊन येतात. तुझ्या आजीला कुणी शिकवलं होतं का, तिच्या मनात भार होता म्हणून ती गेली, तुझ्या मनात भार असंल तर तू पण जा की, त्याला पुण्याला तीन वर्षं कशाला घालवायची, असं मला एकानं तोंडावर विचारलं. भार म्हणजे आमच्या बोलण्यातला खास शब्द, एखाद्या माणसांसाठी किंवा गावासाठी आतून जी तळमळ लागते ती. मला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही. आज देईन. आजीच्या मनात भार होता म्हणून ती चौदा गावांत गेली हे खरंय, पण तोच भार असून पंधरावं गाव तिला दिसलं नाही, अन् ते तर सगळ्यात जवळचं होतं. माया असली की माणूस चालायला लागतो. पण आपल्या डोळ्यापुढं कुठं झापड आहे ते मायेनं कळत नाही, ते दुसऱ्या कुणी तरी दाखवावं लागतं, शिकवावं लागतं.

पुण्यात सेमिनऱ्या बऱ्याच आहेत. कॅथलिकांची पेपल सेमिनरी १९५५ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून इथं आली, प्रोटेस्टंटांची युनियन बिब्लिकल १९८३ मध्ये यवतमाळहून आली, अन् इतरही आहेत. मी जिथं शिकले तिचं नाव सांगायची गरज नाही, वातावरण सगळीकडं थोडंफार सारखंच. एम.डिव्ह. म्हणजे ग्रॅज्युएशननंतरचा तीन वर्षांचा कोर्स. पहिल्या वर्षी ग्रीक, जुना करार, नवा करार, चर्चचा इतिहास, संदेश कसा तयार करायचा त्याचा वेगळा पेपर. सगळं इंग्लिशमध्ये. सकाळी चॅपल, मग लेक्चर, संध्याकाळी कँपसमध्ये काम, रात्री लायब्ररी. वर्गात नागालँडची, मिझोरमची, ओडिशाची, केरळची, आंध्रची पोरंपोरी, अन् महाराष्ट्रात असून मराठी बोलणारे आम्ही मोजून चार. त्यातले दोघं पुण्यातलेच, मी "काय करायलास" म्हणलं की ते दोघं एकमेकांकडं बघायचे. मग मी हळूहळू पुण्यासारखं बोलायला लागले अन् सुट्टीत घरी आले तर आजी म्हणाली, कुणासारखी बोलायलीस गं तू? तो प्रश्न मला लागला.

माझी रूममेट नागा होती. तिच्या घरून सोयाबीन आंबवून केलेला एक पदार्थ यायचा, त्याच्या वासानं मला मळमळायचं, मी दोन महिने काही बोलले नाही अन् एक दिवस जोरात बोलले. ती रडली नाही, भांडली पण नाही, म्हणाली, तुझ्या सुकटीचा वास मी जूनपासून सहन करतेय. खरं होतं. मला माझ्या सुकटीचा वास कधी आलाच नव्हता. क्रॉस-कल्चरल म्हणजे काय हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असं मी धरते, पुस्तकातली व्याख्या नंतर पाठ केली.

तर पहिलं वर्ष संपलं, मे महिन्यात घरी आले अन् ठरवलं की तांड्यावर जायचं. आजी नको म्हणाली तरी गेले. पिशवीत मराठी पत्रकं घेतली होती, एक गीत पाठ केलं होतं, हरवलेल्या मेंढराचा दाखला, म्हणजे येशूची एक बोधकथा, तयार केला होता. लिंबाखाली म्हाताऱ्या बाया बसल्या होत्या, अंगावर आरसे-कवड्यांचे ते जुने कपडे फक्त दोघीतिघींच्या, बाकीच्या साडीत. मी सलाम म्हणलं. आम्ही ख्रिस्ती लोक सलामच म्हणतो, तोंडात तेच बसलंय. त्या "राम राम" म्हणाल्या अन् मला मुसलमान समजल्या. मग पत्रकं काढली, वाचता एकीलाही येत नव्हतं. मग दाखला सांगितला, शंभर मेंढरं, एक हरवलं, नव्याण्णव सोडून मेंढपाळ त्याच्यामागं गेला. एक म्हातारी मन लावून ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, मेंढरं धनगराची, आमची नव्हं, आमच्या वाडवडलांकडं बैल होते. हजार हजार बैल. अन् तिनं लदेणीची गोष्ट सुरू केली. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मीठ, धान्य घेऊन मुलखामागनं मुलूख कसे तुडवायचे, पुढं रेल्वे आली, सडका झाल्या अन् लदेणी बसली. मी अर्धा तास बोलायला गेले होते अन् दोन तास ऐकत बसले, अन् खरं सांगते, मनात चीड होती की माझा संदेश राहून गेला.

मग तिनं विचारलं, तू कोणाची? मी म्हणलं, आम्ही ख्रिस्ती. ती म्हणाली, ते कळलं. त्याच्या आधी कोण?

मी म्हणलं, आजोबांच्या आधीपासून ख्रिस्तीच आहोत. ती परत म्हणाली, हां, पण त्याच्या आधी?

मी उत्तर दिलं नाही, विषय बदलला. तिला जे कळायचं ते कळलं असावं, कारण चहा आला तेव्हा बाकीच्यांना स्टीलचे ग्लास अन् मला कुडाच्या खाचेत ठेवलेला एक कान तुटलेला कप. तो कप तिथं कुणासाठी ठेवलेला असतो हे मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. मी चहा प्यायले, कप विसळून पालथा घातला, घरी आले. आजीला काही सांगितलं नाही. आजीनंही विचारलं नाही.

दुसऱ्या वर्षी मिशिऑलॉजी सुरू झालं, म्हणजे सुवार्तेच्या कामाचा अभ्यास, तिचा इतिहास, तिची तत्त्वं, तिच्या चुका. तो विषय मला लै आवडला, कारण त्यात आमची माणसं भेटली. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट, म्हणजे कॅथलिकांच्या एका संघाचा धर्मगुरू, १५७९ मध्ये गोव्यात येतो, इथली भाषा शिकतो अन् १६१६ मध्ये ख्रिस्ताची कथा जवळजवळ अकरा हजार ओव्यांत मराठीत मांडतो, पुराण म्हणून मांडतो, कारण इथला माणूस देवाची गोष्ट पुराणातच ऐकतो हे त्याला कळलं होतं. विल्यम केरी हा इंग्रज मिशनरी बंगालात बसून पंडिताकडून मराठी शिकतो अन् १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापतो. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतात अन् मग अभंग, भजन, कीर्तन हे सगळं घेऊन येशूपाशी येतात, आपलं काही बाहेर ठेवून येत नाहीत. अन् पंडिता रमाबाई. हिब्रू अन् ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल मराठीत आणलं, केडगावला मुक्ती मिशनमध्ये बायकांच्या हातांनी ते छापलं गेलं, १९२२ मध्ये त्या गेल्या अन् १९२४ मध्ये पुस्तक बाहेर आलं. साध्या बाईला कळावं म्हणून एवढे कष्ट. माझी आजी साधी बाईच होती. हे वाचताना मी लायब्ररीत रडले होते.

मग रोबेर्तो दे नोबिली आला. १६०६ मध्ये मदुरैला पोचलेला इटालियन जेझुइट. भगवी वस्त्रं घातली, मांस सोडलं, संस्कृत अन् तमिळ शिकला, ब्राह्मणांत ब्राह्मणासारखा राहिला. सर त्याच्याबद्दल फार मनापासून बोलले अन् ते बरोबरही होतं, दुसऱ्याच्या जगात शिरायला त्यानं जी मेहनत घेतली ती कुणी नाकारू शकत नाही. पण त्यासाठी तो खालच्या जातीच्या ख्रिस्ती लोकांपासून लांब राहिला. म्हणजे त्याच्या दारात माझी आजी गेली असती तर तिला कुठं बसवलं असतं? त्याच आठवड्यात वर्गात नव्या करारातल्या फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय होता, ख्रिस्तानं स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं. मिशनरीनं पण असंच उतरलं पाहिजे, आपला मोठेपणा, आपली संस्कृती वर ठेवून खाली आलं पाहिजे, असं पुस्तकात होतं. मी हात वर केला. बोलताना आवाज कापत होता. म्हणलं, सर, हे पुस्तक वरून येणाऱ्या माणसासाठी लिहिलंय. मी ज्या तांड्यावर गेले तिथं मला वेगळ्या कपात चहा दिला. मी कुठून उतरू? रिक्त व्हायला आधी भरलेलं पाहिजे ना?

वर्ग एकदम शांत. सरांनी तिथं उत्तर दिलं नाही याचा मला आजही आदर वाटतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी अरविंद निर्मल यांचं लिखाण आणून माझ्या हातात दिलं. निर्मल यांनी १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये जे भाषण केलं तिथनं पुढं दलित ईश्वरविज्ञानाची वाट निघाली असं मानतात. जुन्या करारात अनुवाद नावाचं पुस्तक आहे, त्याच्या सव्विसाव्या अध्यायात इस्राएली माणूस पहिलं पीक देवापुढं ठेवतो अन् आपला मूळ पुरुष भटका अरामी होता असं कबूल करतो. निर्मल तिथं थांबून म्हणतात की माझ्या दलित पूर्वजाला त्या अराम्याची भटकायची मोकळीक पण नव्हती, त्याला गावानं बाहेर टाकलेलं होतं. मी ते पान कितीदा वाचलं माहीत नाही. कारण माझ्यापुढं दोन्ही होते, गावकुसाबाहेरची माझी आजी अन् बैलांच्या मागं मुलूखभर भटकलेल्यांची ती म्हातारी, दोघी गावाच्या बाहेर, अन् दोघींच्या मधी एक ओढा. अन् भटक्यांना तरी काय सुख. आमच्याकडं बंजारा विमुक्त जातीत, तेलंगणात अनुसूचित जमातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत. माणूस तोच, बोली तीच, हद्द ओलांडली की यादी वेगळी.

आणखी एका माणसाचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाववत नाही. पॉल हिबर्ट, मिशनरी घरात १९३२ मध्ये शमशाबादला जन्मलेला मानववंशशास्त्राचा अभ्यासक. शमशाबाद म्हणजे आता हैदराबादचं विमानतळ आहे तिथं, तेव्हा निजामाचं राज्य, म्हणजे १९४८ पर्यंत आमचा मराठवाडा ज्या राज्यात होता तेच. हिबर्टनं १९८२ मध्ये एक लेख लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की पाश्चात्त्य शिक्षण घेतलेल्या माणसाच्या डोक्यात दोनच मजले असतात, वर देव, स्वर्ग, तारण, अन् खाली विज्ञान, औषध, शेती. मधला मजलाच नसतो. अन् साध्या माणसाचं निम्मं आयुष्य त्या मधल्या मजल्यावर चाललेलं असतं, नजर लागली, करणी केली, अंगात आलं, उद्या प्रवासाला निघू का नको, हाच मुलगा का मेला. त्याचं उत्तर चर्चनं दिलं नाही तर माणूस रविवारी चर्चला अन् मंगळवारी देवऋषाकडं जातो. मला हे शिकवायची गरजच नव्हती. भानामतीचं नाव काढलं की आख्खं गाव कसं थरथरतं ते मी बघितलंय, अन् आमच्या मंडळीतली घरं गुपचूप कुठं जातात ते पण माहीत होतं. फक्त त्याला नाव आहे, त्यावर विचार करता येतो, हे माहीत नव्हतं.

डिसेंबर-जानेवारीत सहा आठवड्यांचं फील्डवर्क होतं. मी तांडा घेतला, प्रश्नावली तयार केली, वही घेतली, गेले. तांडा रिकामा. सगळी दारं कुलूप लावलेली, लिंबाखाली म्हातारे अन् शेंबडी पोरं. अहो, ऊसतोडीचा हंगाम. दसरा-दिवाळी झाली की ट्रक लागतात अन् मार्च-एप्रिलशिवाय कुणी परत येत नाही, हे मी जन्मापासून बघितलेलं, अन् तरी कॉलेजच्या कॅलेंडरमध्ये अडकून माझ्या ध्यानात आलं नाही. सरांना फोन केला. ते म्हणाले, मग ते जिथं गेलेत तिथं जा.

म्हातारीच्या सुनेचा नंबर घेतला अन् पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या तळावर गेले. ज्यांनी बघितलं नाही त्यांना कसं सांगू. उसाचं पाचट, बांबूच्या चटया, वर ताडपत्री, वाकून आत शिरायचं, ती कोपी. अशा शेकडो कोप्या ओळीनं. एक कोयता म्हणजे एक माणूस नव्हे, नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडनं हंगामाच्या आधीच उचल घेतलेली असते, ती फेडेस्तोवर कोयता त्याचा. पहाटे तीनला उठायचं, भाकरी थापायच्या, फडात जायचं, नवरा तोडणार, बायको मोळी बांधून डोक्यावर घेऊन फळीवरनं गाडीत चढवणार. एक दिवस नाही गेलं तर खाडा, अन् खाड्याचे पैसे कापणार. मी तिथं अठरा दिवस राहिले. तोडायला मला जमलं नाही, मोळ्या बांधायला शिकले, पात्यानं हात सगळे चिरले.

प्रश्नावली पिशवीतच राहिली. पहिल्या रात्री सुनेनं पाणी दिलं ते जर्मनच्या एकुलत्या एक तांब्यात, कारण दुसरं भांडंच नव्हतं, मी प्यायले, मग ती प्यायली, मग तिचा नवरा. तांड्यावरच्या कुडातला कप इथं कुणी बरोबर आणला नव्हता. याचा मी फार मोठा अर्थ काढत नाही, गरज असंल तर माणूस नियम बाजूला ठेवतो, परत घरी गेल्यावर नियम तिथंच असतात. पण त्या रात्री झोप आली नाही. ताडपत्रीतनं थंडी येत होती अन् मला ग्रीकच्या वर्गातला एक शब्द आठवत होता. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात शब्द देही झाला अन् त्यानं आमच्यामध्ये वस्ती केली असं आहे. ग्रीकमध्ये तिथं जे क्रियापद आहे ते तंबूवरनं आलंय, एस्केनोसेन, तंबू ठोकून राहिला. परीक्षेत मी ते लिहून मार्क घेतले होते. वस्ती म्हणलं की आपल्याला घर दिसतं, गाव दिसतं. पण मूळ शब्दात घर नाहीच. त्यानं कोपी केली. कोपी करून आमच्यात राहिला. मराठीत असं कुणी लिहिणार नाही, पण त्या तळावर दुसरा कोणता शब्द लागणार?

शेजारच्या कोपीतली बाई तिशीच्या आतली, तिनं गर्भाची पिशवी काढलेली होती. पाळीत खाडे पडतात, दुखणं अंगावर काढावं लागतं, मग कुणीतरी सांगतं काढून टाका. बीड जिल्ह्यातल्या अशा बायांचा विषय २०१९ मध्ये एवढा गाजला की सरकारला समिती नेमावी लागली. ती बाई हे सगळं मोळी बांधता बांधता सांगत होती, जसं शेळी विकली तसं. माझ्या तीन वर्षांच्या अभ्यासात तिच्यासाठी एक पान नव्हतं. हिबर्टचा मधला मजला पण तिथं पुरत नव्हता, कारण तिला करणी कुणी केली नव्हती, मुकादम, उचल अन् दवाखाना यांनी मिळून केलं होतं.

नवव्या का दहाव्या दिवशी सुनेला ताप भरला. रात्री म्हणाली, ताई, तुझ्या देवाला सांग, उद्यापर्यंत ताप उतरू दे, खाडा पडंल. आतापर्यंत मला कुणी प्रार्थना करायला सांगितलं नव्हतं अन् मी स्वतःहून केली पण नव्हती. तिच्या डोक्यावर हात ठेवून मी चर्चमधली मराठी सोडून, जसं बोलतो तसं बोलले. तिनं विचारलं, ही तुमची अरदास का? अरदास म्हणजे त्यांची सेवालाल महाराजांपुढची विनवणी. मी म्हणलं, हो, अरदासच. सकाळी ताप उतरला नव्हता. ती तापातच फडात गेली. मी दिवसभर तिच्या मोळ्या उचलल्या, जमतील तेवढ्या, अन् देवाशी भांडत उचलल्या. हे मी माझ्या प्रबंधात लिहिलं तेव्हा एका परीक्षकानं बाजूला लिहिलं की यातनं काय निष्पन्न झालं. मला काही सुचलं नाही. निष्पन्न म्हणजे तिचा खाडा पडला नाही.

मत्तयच्या शुभवर्तमानात येशूचं एक वचन आहे, कष्टी व भाराक्रांत लोकांना तो बोलावतो अन् विसावा द्यायचं म्हणतो. आमच्या सगळ्या चर्चच्या भिंतीवर ते लिहिलेलं असतं. हंगाम संपून सगळे परत आल्यावर मे महिन्यात मी ते म्हातारीला सांगितलं. भाराक्रांत तिला कळलं नाही, मला पण लहानपणी कळायचं नाही. मग म्हणलं, ज्याच्या पाठीवर गोणी लादलीय तो. ती हसली, लादलेला व्हय, म्हणाली, लदेणीतला. अन् विसावा? विसावा म्हणल्यावर तिचा चेहरा बदलला. म्हणाली, तो मेल्यावर असतो ना, तिरडी खाली ठेवतात तो. मी थांबलेच. आमच्या गावाच्या वाटेवर विसाव्याचा दगड आहे, मढं नेताना तिथं खांदेकरी थांबतात, गावात विसावा म्हणलं की पहिल्यांदा तोच आठवतो. म्हणजे भिंतीवर एवढ्या मोठ्या अक्षरात आम्ही लिहून ठेवलंय की माझ्याकडं या, मी तुम्हाला मरण देईन, अन् असं कुणाला ऐकू येत असंल हे आमच्या ध्यानातही नाही. मग आम्ही दोघी बसून शब्द शोधत राहिलो. लदेणीचा तळ पडला की पहिलं काम काय करायचे, मी विचारलं. ती म्हणाली, पहिली बैलाच्या पाठीवरची गोणी उतरवायची. माणसानं नंतर पाणी प्यायचं, आधी बैलाची पाठ मोकळी. मी वहीत लिहून घेतलं. त्या वहीतली बाकीची पानं हरवली तरी चालतील.

त्याच दिवशी मी तिला सांगितलं, तुम्ही विचारलं होतं ना, त्याच्या आधी कोण. आम्ही मांग. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, माहीत होतं. तू सांगतीस का नाही ते बघत होते. आम्ही गोर, तुम्ही कोर, असं म्हणून तिनं पोरीला चहा टाकायला सांगितलं. गोर म्हणजे ते, कोर म्हणजे बाकी सगळे, त्यात मांग पण आले अन् पाटील पण. चहा आला तो कुडातल्या कपातच.

डिग्री मिळाली, परत आले. मंडळीच्या वार्षिक रिपोर्टच्या फॉर्ममध्ये एक रकाना असतो, बाप्तिस्मे किती. मी शून्य लिहिलं. एक वडीलधारे म्हणाले, मग तीन वर्षांचा खर्च कशाला? मी चिडले नाही, पण सोडलंही नाही, त्यांना लदेणीची गोष्ट सांगितली, विसाव्याची सांगितली, म्हणलं, भिंतीवरचं वचन मी काढा म्हणत नाही, पण खाली साध्या भाषेत लिहा. ते अजून लिहिलेलं नाही, मी दर वर्षी मीटिंगमध्ये विचारते. बाहेरून दुसरी शंका येते, गावात लोक विचारतात, तांड्यावर कशाला जातेस, बाटवायला का? मी माझा विश्वास लपवत नाही, कुणी विचारलं की येशूबद्दल सांगते अन् मनापासून सांगते, कारण माझ्याकडं त्याच्यापेक्षा मोलाचं काही नाही. पण धान्य, औषध, शाळा यांच्या बदल्यात कुणाचा देव मागणं हा माझ्या मते सौदा आहे, अन् उचल देणाऱ्या मुकादमात अन् आपल्यात मग फरक काय राहिला. हंगामात मागं राहणाऱ्या लेकरांसाठी शाळेत हंगामी वसतिगृह चालतं, मी तिथं संध्याकाळी अभ्यास घेते, त्यांच्याकडनंच गोरबोली शिकते. याडी म्हणजे आई हा पहिला शब्द.

आजी आता नव्वदीच्या आसपास आहे, गच्चीवर खुर्ची टाकून बसते. मी कोपीचं सगळं तिला सांगितलंय, कपाचं पण. कपाचं ऐकून ती म्हणाली, म्हणून मी जात नव्हते, मी त्या कपात एकदा प्यायले होते, लग्नाच्या आधी. हे तिनं इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नव्हतं. चौदा गावांत गेलेल्या बाईला पंधरावं का दिसलं नाही असं मी वर लिहिलंय, ते मी तसंच ठेवते, पण तिला ते दिसत होतं.

यंदा दिवाळीच्या चौथ्या दिवशी ट्रक लागले. मी पहाटेच गेले होते. ताडपत्र्या, डेचक्या, कोंबड्या, लेकरं सगळं वर चढलं. सुनेनं घराला कुलूप लावलं, चावी कमरेच्या पिशवीत टाकणार होती, मग थांबली अन् माझ्या हातात दिली. सासूच्या बीपीच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या आहेत, संपल्या की तू आण, अन् बियाण्याच्या ज्वारीला उंदीर लागतंय का बघत जा. म्हातारी लिंबाखाली बसलेली होती, आत पाणी आणायला मला पाठवलं. मी कुलूप उघडून आत गेले. कप कुडात तसाच होता. शेजारी स्टीलचे ग्लास पालथे घातलेले होते. मी दोन ग्लास भरून बाहेर आणले, एक तिला दिला अन् एक हातात धरून उभी राहिले. तिनं माझ्या हातातल्या ग्लासाकडं बघितलं. मग ट्रक निघाला म्हणून आम्ही दोघींनी तिकडं बघितलं.